आधी येणारा

१

सरुबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि उजव्यातला पिकायच्या बेतात होता, पण कान असे की गल्लीच्या तोंडाशी कुणी शिंकलं तर ओट्यावरून त्या ‘शंभर वर्षं जग’ म्हणायच्या. लेकाची मोटारसायकल तर आपल्याला मखमलाबादच्या चौकातूनच ओळखू येते, असा त्यांचा दावा होता. सून छाया त्यावर हसायची.

“आई, एवढ्या गाड्या जातात. त्यात आपली कशी कळते?”

“माझ्या लेकाची गाडी खोकत येती. तुला नाय कळायचं.”

दावा खरा असो-नसो, संध्याकाळ ठरलेली होती. ज्ञानेश सातपूरला पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या एका कारखान्यात होता. शिफ्ट सुटली की गाडी खोकत यायची, फाटकाची साखळी वाजायची, ओट्यावर सेफ्टी शूज एकामागून एक धप्प धप्प पडायचे आणि मग एक लांब ‘हुश्श’. तोवर सरुबाई तांब्या घेऊन दारात. “आला का रे, ज्ञाना?” एवढंच विचारायचं, पाणी द्यायचं, आणि ते पिऊन होईतो कुणी अवाक्षर काढायचं नाही. उरलेला घोट पायरीलगतच्या झेंडूच्या मुळाशी ओतायचा, ‘बाहेरचं बाहेर’ म्हणायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. सरुबाईंच्या सासूने ही रीत घातली होती, कारण तिचा नवरा फुलं विकून घरी यायचा तो अख्खा फुलबाजार डोक्यात घेऊनच. आता घरामागे झेंडूचे चार वाफे तेवढे उरले होते, पण रीत शाबूत होती. नवी नवरी असताना छायाला हे सगळं जरा नाटकी वाटलं होतं. पुढे माहेरी गेली की तिलाच दारात चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी ती आत चहाचं आधण ठेवत होती. गाडी आली. साखळी वाजली. बूट पडले, हुश्श झालं. “आला का रे, ज्ञाना?” सासूबाईंचा आवाज. छायाने साखर टाकली, आलं किसलं आणि ती बाहेर डोकावली. सरुबाई रिकामा तांब्या घेऊन आत येत होत्या.

“कुठेत हे?”

“बाहेरच हाय की. पाणी पिला आत्ता.”

ओट्यावर कुणी नव्हतं. बूट नव्हते, फाटकाशी गाडी नव्हती. झेंडूच्या मुळाशी मात्र माती ओली होती, नुकतंच पाणी ओतल्यासारखी.

चहाला उकळी आली तेव्हा गाडी परत खोकत आली. साखळी वाजली, बूट पडले, आणि ज्ञानेश दारात येऊन उभा राहिला.

“आज पाणी नाही का कुणी देणार?”

“दोनदा दोनदा मागतोय बघ चोर,” सरुबाई म्हणाल्या आणि हसत माठाकडे वळल्या.

२

छायाने फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं. ते पुढे लग्नाच्या हारांच्या ऑर्डरी घेण्यात जिरलं, ही गोष्ट वेगळी. पण डोकं अजून तसंच चालायचं. थंडीत आवाज लांबवर ऐकू येतात. शेजारच्या बिल्डिंगमध्ये तसल्याच गाड्या ढीगभर आहेत. सासूबाईंना दिसत नाही, सवयीने तांब्या पुढे केला असेल, पाणी सांडलं असेल. झालं. तिने विषय मिटवला.

तिला काळजी होती ती दुसरीच. दिवाळीआधी ज्ञानेशला लाइन इन्चार्ज केलं होतं. पेढे वाटले, सरुबाईंनी गल्लीभर सांगितलं. पण माणसं कमी पडायची म्हणून तो इन्चार्जही होता आणि वेळेला पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवरही तोच बसायचा. घरी आला की फोन सुरू. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला की जेवताना त्याचा घास हातातच राहायचा. झोपेत दात असे करकरा खायचा की छाया जागी व्हायची. भाजीत मीठ कमी म्हणून एकदा ताट सरकवलं त्याने, आणि मग स्वतःच ओशाळून मागच्या वाफ्यात जाऊन बसला. सगळ्यात तिला खुपायचा तो त्याचा पाय. आताशा तो खाटेवर आडवा झाला तरी एक पाय खाली जमिनीला टेकवूनच झोपायचा. तिने उचलून वर ठेवला तरी झोपेतच परत खाली. कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं, म्हणून असेल.

छातीत भरून आल्यासारखं होतं म्हणाला, तेव्हा तिने त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. बीपी वाढलेलं निघालं. ईसीजीची पट्टी मात्र ठीक होती.

“ताण आहे,” डॉक्टर म्हणाले. “गोळी देतो, मीठ कमी करा, रोज चाला. पण एक सांगू का? तुम्ही घरी येता, पण शरीर तुमचं ड्यूटीवरच राहतं. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की सुट्टी झाली.”

ज्ञानेश हसला. छायाला हसू आलं नाही. ते बोलणं तिच्या मनात कुठेतरी अडकून बसलं.

३

एकदा घडलं ते सोडून देता येतं. पण ते रोज घडायला लागलं.

आधी चहाच्या उकळीइतका फरक होता. मग कुकर होईतो. मग असा की डाळ शिजून गार व्हायची तेव्हा ज्ञानेश यायचा. आणि दर वेळी सरुबाई तांब्या देऊन मोकळ्या. “आला का रे, ज्ञाना?” हे त्यांच्या तोंडून आवाजासरशी जायचंच, उभ्या जन्माची सवय. खरा ज्ञानेश येईपर्यंत त्या वाती वळायला बसलेल्या असायच्या, आणि त्याला पाणी विचारायचं राहून जायचं. तोही मागेनासा झाला. यायचा, बुटांसकट ओट्यावर बसून राहायचा आणि हाक मारली की बघायचा, पण बघणं उशिरा पोचायचं.

एका दुपारी सरुबाईंचा डोळा लागला होता आणि छाया घरात, ओट्याकडच्या खिडकीखाली झेंडूची माळ ओवत बसली होती. ऊन चांगलं कडक होतं. शिफ्ट सुटायला अख्खी दुपार बाकी होती. गाडी खोकत आली.

तिची सुई थांबली. साखळी वाजली. धप्प. धप्प. आणि मग तिच्यापासून हातभरावर, भिंतीच्या पलीकडे, तो लांब ‘हुश्श’. तिच्या नवऱ्याचा. अकरा वर्षांच्या संसारात बायकोला एवढं तर कळतंच.

उठून खिडकीतून बघायचं, एवढंच काम होतं. तिच्याने ते झालं नाही. तिने फक्त मान वळवली. खिडकीच्या गजांतून ओट्याची फरशी दिसत होती, आणि फरशीवर उन्हात एक सावली पाय पसरून बसली होती. मान मागे टाकलेली, खांदे सैल सोडलेले. ज्ञानेश असा बसलेला तिने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. भीती तर वाटलीच. पण त्या भीतीच्या आतून तिला एवढी माया दाटून आली की डोळेच भरले.

आतून सरुबाई झोपेतच उठल्या, माठाचं झाकण वाजलं. छायाने त्यांना अडवायला हात पुढे केला, पण तो पोचला नाही. त्या तिच्या शेजारून दाराशी गेल्या, पाणी दिलं, तांब्या घेऊन परत आल्या.

“आई,” छायाने हळूच विचारलं, “तांब्या कुणाच्या हातात दिलात?”

“ज्ञानाच्या. दुसरं कोण?”

“हात लागला तुम्हाला?”

“लागला की. अंगठ्याची चीर लागली.” ज्ञानेशच्या उजव्या अंगठ्याचं नख प्रेसवर चिरलं होतं, ते तसंच वाढायचं. “गार पडलाय हात बिचाऱ्याचा. स्वेटर घालत नाय तो.”

४

रविवारी तिने त्याला मागच्या वाफ्यात गाठलं. तो झेंडूची वाळकी फुलं खुडत होता. तिला वाटलं होतं, तो हसेल किंवा चिडेल. त्याने दोन्ही केलं नाही.

“दुपारी ना?” तो म्हणाला. “ऊन खिडकीवर येतं तेव्हा?”

“तुम्हाला कसं माहीत?”

त्याने आणखी दोन फुलं खुडली. मग म्हणाला, “कामावर मला रोज पाणी प्यायल्यासारखं होतं, छाया. आपल्या माठाचं. वाळ्याचा वास येतो बघ. आईचा आवाज येतो. आणि इथे,” त्याने जबड्यावर हात ठेवला, “इथे दिवसभर आवळलेलं असतं ना, ते सुटतं. अख्ख्या दिवसात तेवढंच काय ते सुख आहे.”

“आणि मग?”

“मग काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे मग भोंगा होईपर्यंतचं मला आठवतच नाही. हात काम करतात. मी नसतो.” त्याने एक वाळकं फूल बोटांत चुरगळलं. “परवा संतोषने माझा हात प्रेसखालून ओढून काढला. मी आत घातला होता म्हणे. मशीन खाली येत होतं. मला माहीतच नाही.”

संतोष म्हणजे त्याच्याच लाइनवरचा, पलीकडच्या गल्लीतला. तो छायाला काही बोलला नव्हता.

“उद्यापासून आई पाणी देणार नाहीत,” ती म्हणाली. “तुम्ही येईपर्यंत कुणालाच नाही.”

ज्ञानेशने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या थकलेल्या डोळ्यांनी त्याने कधी काही मागितलं नव्हतं.

“नको ना,” तो म्हणाला. “तेवढं तरी राहू दे.”

५

सरुबाईंना पटवायला सकाळ गेली. आधी त्या रागावल्या, मग घाबरल्या, मग हात कसा प्रेसखाली गेला होता ते त्यांनी ऐकलं. “मीच घातलं का गं पोराला मशीनखाली?” एवढंच म्हणाल्या. छायाने त्यांचा हात धरला. तुम्ही माया केलीत, आई, दुसरं काय केलंत, असं म्हणायचं होतं तिला. ते तिने म्हटलंही.

दुपारी त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि दोघी दारामागे जमिनीवर बसल्या. भरल्या दिवसा दाराला कडी घालायची त्या घरात पद्धत नव्हती. बाहेर भाजीवाल्याची हाळी गेली. ऊन सरकत सरकत खिडकीवर आलं.

गाडी खोकत आली.

सरुबाईंचे ओठ हलले. छायाने त्यांच्या तोंडावर अलगद हात ठेवला. साखळी. धप्प. धप्प. हुश्श. मग काहीच नाही. वाट बघणारा माणूस जसा गप्प असतो तसं काहीच नाही. बऱ्याच वेळाने दाराशी पाऊल वाजलं आणि कडी आतल्या आत हलली. जोर नव्हता त्यात. घरात कुणी झोपलं असेल, म्हणून जपून ढकलावं, तसं.

“छाया,” सरुबाई तिच्या बोटांआडून कुजबुजल्या, “माझं लेकरू तहानलेलं उभं हाय गं दारात.”

“ते लेकरू नाही, आई.”

“मग कोण हाय?”

कडी पुन्हा हलली. आता दाराच्या फटीतून श्वास ऐकू येत होता, दमलेला. छाया मनात एकच घोकत होती: आत्ता सातपूरला ऊन पत्र्यावर आलं असेल, प्रेस वर-खाली होत असेल, आणि त्याचे हात तिथे असतील.

सरुबाई उठल्या. गुडघे धरत धरत उभ्या राहिल्या. छायाला वाटलं, संपलं, आता ह्या कडी काढणार. पण त्यांनी कडीला हात लावला नाही. दाराला गाल टेकवला आणि लहानपणी तापात त्याला समजावत असतील त्या आवाजात म्हणाल्या,

“ज्ञाना, बाळा, ऐक. असा अर्धा येऊ नको. तो तिकडं एकटा हाय रे. त्याचा हात मशिनीत हाय. तू लय दमलाय, मला कळतंय. पण माघारी जा. जा, आणि त्याला घेऊन ये. मग देते पाणी. दोघं या. मी हितंच बसलीये.”

श्वास थांबला. मग बूट उचलल्याचा आवाज आला, फरशीवर घासत. साखळी वाजली. गाडी सुरू झाली आणि खोकत खोकत चौकाकडे निघून गेली.

तेव्हा कुठे सरुबाई पदर तोंडाला लावून रडल्या. “माझ्या पोराला मी पाण्यावाचून माघारी लावलं,” असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

६

फोन वाजला तेव्हा छाया अजून तिथेच बसली होती. संतोष होता.

“वहिनी, ज्ञानूभाऊ घरी पोचले का?”

“नाही. का? काय झालं?”

“काय झालं नाही हो. लय वेगळंच वागले. चालू मशीन स्वतःहून बंद केलं. हात बाहेर काढला, पुसला, आणि मोबाइल साहेबांच्या टेबलावर ठेवून चालायला लागले. मी म्हटलं, भाऊ, शिफ्ट आहे अजून. तर हसले. म्हणाले…”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, जातो, मला न्यायला आलंय.”

मला न्यायला आलंय, हे कोण म्हणतं ते तिला माहीत होतं. सासरे शेवटच्या दिवशी भिंतीकडे बघून हेच म्हणाले होते.

“बरोबर कुणी होतं का, भाऊजी?”

“नाय हो, एकटेच.” संतोष जरा अडखळला. “पण बोलत गेले गेटपर्यंत. आणि गाडीवर बसताना पुढे सरकून बसले. मागे कुणाला बसवताना बसतो ना आपण, तसे.”

तिने फोन ठेवला. सरुबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या उठल्या, तांब्या घासून लख्ख केला, काठोकाठ भरला आणि बंद दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मग थांबल्या, आत गेल्या आणि दुसराही भरून आणला.

वाट बघणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं, असं छायाला पुढे नेहमी वाटायचं. वाटेतल्या पुलावर गाड्यांची गर्दी असते. डंपर असतात. छातीत भरून येणारा माणूस गाडीवर आहे. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते उगाच नाही. ऊन खिडकीवरून उतरलं, पायरीवर गेलं, झेंडूवर गेलं.

“आली,” सरुबाई म्हणाल्या.

मग छायालाही ऐकू आली. खोकत. पण जड चालीने, डबल सीट आल्यासारखी.

७

साखळी वाजली. छाया कडीवर हात ठेवून उभी राहिली. दार उघडायचं तिला धैर्य होईना. हे आवाज तिने इतक्या वेळा रिकाम्या ओट्यावर ऐकले होते, की आता दार उघडलं आणि बाहेर कुणीच नसलं, तर त्याचा अर्थ काय होईल ते तिला नीट ठाऊक होतं.

धप्प. एक बूट पडला.

धप्प. दुसरा.

आणि मग, सावकाश, तिसरा.

चौथा.

सरुबाईंनी सुनेचा हात कडीवरून बाजूला केला आणि स्वतःच दार उघडलं.

ज्ञानेश ओट्यावर पाय पसरून बसला होता. मान मागे टाकलेली, खांदे सैल. एकटा. त्याच्या शेजारी बुटांची एकच जोडी पडली होती, हे छायाने आधी बघून घेतलं, मग त्याचे हात. दोन्ही हात, दहाही बोटं. तिने त्याचा गाल धरला. जबडा सुटला होता. गाल गरम होता.

“आला का रे, ज्ञाना?” सरुबाईंनी विचारलं.

“आलो, आई,” तो म्हणाला. कित्येक महिन्यांत तो असं काही बोलला नव्हता.

तांब्या त्याने घटाघटा तळाशी आणला. उरलेलं पाणी झेंडूला ओतलं, ‘बाहेरचं बाहेर’ म्हणाला आणि परत हात पुढे केला. सरुबाईंनी दुसरा तांब्या दिला. तोही संपला. एवढं पाणी पिताना छायाने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

“ते इन्चार्जचं पद मी सोडतोय,” तो म्हणाला. “उद्या सांगतो त्यांना. चालेल ना?”

“चालेल,” छाया म्हणाली आणि मग हसत-रडत म्हणाली, “पेढे परत मागणार नाही ना कुणी?”

दिवेलागणीच्या आधीच तो खाटेवर जाऊन पडला. छाया देवापाशी दिवा लावून खोलीच्या दारात आली तेव्हा तो गाढ झोपला होता. दात खात नव्हता. दोन्ही पाय खाटेवर होते. फक्त झोपला होता एका कडेला, भिंतीला अगदी चिकटून. अर्धी खाट त्याने मोकळी सोडली होती.

सरुबाई चाचपडत आत आल्या. मोठी गोधडी उलगडली, लेकाच्या अंगावर घातली, ओणवून भिंतीकडची कड हाताने खोचली. मग सरळ होऊन मोकळ्या बाजूची कडही तशीच, तेवढ्याच मायेने, खोचली.

“आई,” छाया पुटपुटली, “तिकडे कुणी नाही.”

“असू दे,” सरुबाई म्हणाल्या. “मी शब्द दिला होता, दोघं या म्हणून.”

त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. छाया दारातच उभी राहिली. ज्ञानेशचा श्वास संथ चालला होता, आणि त्या लयीत भिंतीकडची गोधडी वर होत होती, खाली होत होती. तिने जीव मुठीत धरून मोकळ्या बाजूकडे पाहिलं. तिथली गोधडीही वर होत होती. जरा मागाहून.

तिने खोलीतला दिवा मालवला, दोघांनाही उजेड लागू नये म्हणून, आणि दार ओढून घेतलं.